सातवी पट्टी

ब्लांडीन लाबोसिएरनं चौऱ्याऐंशी वर्षांत एकदाही विमानात पाय ठेवला नव्हता. नात लग्न करून व्हँकुव्हरला गेली तेव्हा नातजावयानं केवढी गळ घातली होती, पण म्हातारी जागची हलली नाही. त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका सकाळी तिनं वृद्धाश्रमातून फोन करून फर्मावलं, "मला शनिवारी विनिपेगला ने, विमानातून बघून काढलेली चित्रं लागलीत," तेव्हा तिच्या मुलीला, ओडेटला, हसूच फुटलं.

"तुला तर विमानाचं नाव काढलं तरी घाम फुटतो, आई."

"मला कुठं बसायचंय? जी बसायची ती बसली, तिनं चित्रं काढली. आपण नुसतं बघायचं. आपलं खोरं आहे त्यात, साप्ताहिकात आलंय. आणि तुझ्या बसला शनिवारी सुट्टी असते, उगाच थापा मारू नकोस."

ओडेट शाळेची बस चालवायची, गेली एकोणीस वर्षं. शनिवारी तिला खरंच सुट्टी होती. साप्ताहिकातलं चित्र तिनंही पाहिलं होतं. पिवळीजर्द मोहरीची शेतं, मधून वळणं घेत गेलेली नदी. आईला बरं वाटेल, म्हणून तिनं गाडीत चाकांची खुर्ची टाकली आणि सेंट ऑरेलहून दोघी निघाल्या.

पहिल्या दोन दालनांत म्हातारी लहान पोरीसारखी खूश होती. इंग्रिड थोर्लाक्सन नावाच्या बाईची ही चित्रं. चाळीस वर्षं ही बाई शेतांवर फवारणी करणाऱ्या वैमानिकांच्या मागच्या सीटवर बसून वही रंगवत हिंडली होती. बर्फातून डोकं वर काढणारी कापलेल्या गव्हाची खुंटं, नांगराच्या रेघा, गवताचे गोल भारे, एका तळ्यावर उतरलेले पांढरे हंस, सगळं वरून. कुठंही आभाळ नव्हतं. ब्लांडीन चित्रामागून चित्र खुर्ची पुढं ढकलायला लावत होती आणि अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती.

"हे बघ, हा चर वाकडा खणलाय. खाली उभं राहून कधी कळलं नसतं. कुणाचं शेत असेल गं? लाज वाटली पाहिजे."

"हळू बोल, आई."

"का? मेलेल्यांना निजवलंय का इथं?"

तिसऱ्या दालनाच्या दारावर एकच शब्द लिहिला होता : पूर. ओडेटनं तो आईच्या आधी वाचला आणि खुर्ची वळवली.

"इकडं काही नाही. चल, कॉफी घेऊ."

"मला वाचता येतं," ब्लांडीन म्हणाली. "ने आत."

"आई, कशाला?"

"पूर काय मी पाहिला नाही? ने म्हणते ना."

त्या पुराला सव्वीस वर्षं झाली होती. तेव्हा अख्खं खोरं रिकामं करायचा हुकूम निघाला होता. ओडेट तेव्हा शहरात भाड्याच्या घरात राहायची, आई तिच्याकडं आली. शेतावर राहिला तो एमिल, ओडेटचा धाकटा भाऊ, अठ्ठावीस वर्षांचा. घराभोवती मातीचा गोल बांध घातला होता, आतलं पाणी उपसायला पंप लावले होते, आणि ते पंप चालू ठेवायला कुणीतरी राहणं भाग होतं. मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. "माझ्याकडं कॉफी आहे, रेडिओ आहे, कटकट करायला बायको नाही. मजेत आहे मी." संध्याकाळी फोन मेला. रात्री त्या बाजूचे बांध फुटल्याचं कळलं. उत्तरेचा वारा आणि वाहत्या बर्फाचे तुकडे यांमुळे शनिवारपर्यंत एकही होडी तिकडं पोचू शकली नाही. शनिवारी पोचली तेव्हा घर पायावरून सरकून कलंडलं होतं आणि आत कुणी नव्हतं. एमिल सापडला त्यानंतर आठ दिवसांनी, मैलभर खाली, विलोच्या झाडांत अडकलेला.

मृत्यूच्या दाखल्यावर मंगळवार, २९ एप्रिल लागला. थडग्यावरही तोच. "बांध फुटला आणि क्षणात सगळं झालं, त्याला कळलंसुद्धा नसेल," असं फादर म्हणाले, डॉक्टर म्हणाले, शेजारीपाजारी म्हणाले. त्या 'क्षणात'वर ब्लांडीननं सव्वीस वर्षं काढली होती. ओडेटनंही.

पुराच्या दालनात सात-आठ मोठी चित्रं होती. सगळीकडं मातकट पाणी, त्यातून वर आलेल्या झाडांच्या रांगा, रस्त्याची एखादी रेघ. समोरच्या भिंतीवरचं चित्र सगळ्यांत मोठं होतं, माणसाच्या दीड उंचीचं. त्याच्यासमोर दहा-बारा माणसं उभी होती आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई त्यांना समजावून सांगत होती.

"आता गंमत बघा. हा वरचा लाल ठिपका अंगठ्यानं झाका. झाकलात? सगळं चित्र कसं मेल्यासारखं होतं! आता अंगठा काढा. या एवढ्याशा ठिपक्यानं एवढं मोठं पाणी तोलून धरलंय."

माणसांनी एक डोळा मिटून अंगठे धरले. हसली. पुढच्या चित्राकडं गेली.

ब्लांडीनचं तिकडं लक्षच नव्हतं. ती पुढं वाकून खालच्या कोपऱ्यात बघत होती.

"ओडेट! अगं, हे आपलं चर्च! हा मनोरा बघ. पाण्यात उभं आहे बिचारं. म्हणजे हे सेंट ऑरेल. थांब, थांब, आता मध्ये बोलू नकोस."

आणि तिनं मोजायला सुरुवात केली. नदीकाठच्या त्या जुन्या गावात शेतं चौकोनी नव्हती. पणजोबांच्या काळापासून प्रत्येकाला नदीचं तोंड मिळावं म्हणून जमीन लांबच लांब अरुंद पट्ट्यांत वाटली होती, आणि पट्टीपट्टीमध्ये झाडं लावली होती. पाण्यातून तेवढ्या त्या झाडांच्या रांगा वर आलेल्या दिसत होत्या. म्हातारीचं बोट हवेत एकेका रांगेवरून सरकत होतं.

"ही पहिली, चर्चची. ही गान्योंची. ही आणि ही सावार भावांची, मधली झाडं त्यांनी भांडून तोडली, बघ, खरंच नाहीत. पाचवी बॅरिलची. सहावी कुर्शेन बाईची. आणि ही सातवी. आपली." ती मागं वळून हसली. "आपलं घर! आपलं छप्पर बघ गं, हिरवं! तुझ्या बाबानं शेवटच्या वर्षी रंगवलं होतं ते. वरून इतकंसं दिसतं होय!"

ओडेटनं पाहिलं. हिरव्या रंगाचा एक तिरका तुकडा, नखाएवढा. त्याच्या वरच्या कडेला तो लाल ठिपका होता.

आईचं बोट तिथंच थांबलं. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पण मागचं माणूस निघून गेल्यासारखं.

"पाटीवर काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"कुठल्या?"

"चित्राच्या. खाली पाटी आहे. वाच."

ओडेटनं वाचलं. "पाणी, गुरुवार. एक मे, दुपार. कॅनव्हासवर तैलरंग." आणि वाचून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय वाचलं.

"गुरुवार," ब्लांडीन म्हणाली.

"आई, ते काहीही असेल. चित्रकार मनानं टाकतात रंग. त्या बाई आत्ता तेच सांगत होत्या ना, चित्र तोलायला..."

"त्याचा कोट आहे तो. नाताळला मी घेऊन दिला होता. एवढा लाल नको म्हणत होता, शिकारीला आलेला वाटेन म्हणाला. मी म्हटलं, बर्फात हरवलास तर लांबून दिसशील."

"आई."

"त्याच कोटात सापडला ना तो?"

सापडला होता त्याच कोटात. ओळख पटवायला ओडेटच गेली होती.

त्या दुपारी तीन वाजता चित्रकार बाई स्वतः लोकांशी बोलणार होत्या. दालनाच्या दाराशीच त्या भेटल्या. ऐंशीला आलेल्या, उंच, काठी टेकत चालणाऱ्या, बोटांच्या पेरांत रंग मुरलेला. ओडेट त्यांना गाठून एवढंच म्हणाली, "माझ्या आईला तुम्हाला एक विचारायचंय. त्या चित्रातलं घर आमचं आहे." बाईंचा चेहरा उजळला. कुणाचं तरी घर निघणं ही त्यांना आनंदाची गोष्ट वाटली असावी. त्या लगबगीनं आल्या आणि ब्लांडीनसमोरच्या बाकावर बसल्या.

"तुमचं घर! अहो, किती वर्षं मला वाटायचं..."

"हा लाल ठिपका तुम्ही मनानं घातलात का?" ब्लांडीननं विचारलं.

"नाही. मी मनानं काही घालत नाही. जे दिसतं तेच."

"मग ते काय होतं?"

इंग्रिडबाई चित्राकडं वळल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"एका वार्ताहराबरोबर मला जागा मिळाली होती, चार माणसांचं छोटं विमान. खिडकी उजवीकडची. मी लाल रंग पाहिला आणि वैमानिकाला विचारलं, ते काय आहे खाली? तो म्हणाला, डिझेलची टाकी. प्रत्येक शेतावर लाल टाकी असते म्हणाला."

"हो!" ओडेट एवढ्या जोरात बोलली की कोपऱ्यातला पहारेकरी वळला. "आई, टाकी! आपली लाल टाकी, घराच्या मागं, चौथऱ्यावर. मी लहानपणी तिच्यावर चढायचे. टाकीच आहे ती. घराच्या मागं आहे म्हणून वरून छपरावर असल्यासारखी दिसते."

हे खरं असावं असं तिला इतकं वाटत होतं की क्षणभर ते तिला खरंच वाटलं.

"ती गळायला लागली होती," ब्लांडीन म्हणाली. "आदल्या सप्टेंबरात एमिलनं काढून टाकली. नवी आणली ती पांढरी होती. तू तेव्हा इथं राहत होतीस, तुला ठाऊक नाही."

इंग्रिडबाई एकदा आईकडं, एकदा मुलीकडं बघत होत्या. त्यांना अजून काही सांगितलेलं नव्हतं, पण त्या हळूहळू पांढऱ्या पडत चालल्या.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ," ओडेट म्हणाली.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग तो काढून काठीवर ठेवला, मग पुन्हा तोंडावर. ब्लांडीननं खुर्ची थोडी पुढं घ्यायला लावली.

"तुम्हाला कसं कळणार होतं," ती म्हणाली. "मी भांडायला नाही आले. एकच सांगा. हलत होतं का ते?"

"काय?"

"लाल. हलत होतं का?"

"मी..." इंग्रिडबाईंनी डोळे मिटले. "आम्ही एकदाच गेलो त्यावरून. मी वैमानिकाला म्हटलं होतं, परत एक फेरी मारू या का? मला ते छप्पर नीट हवं होतं. चित्रासाठी. तो म्हणाला, परतायपुरतंच तेल आहे."

"ते हलत होतं का?"

"मला आठवत नाही."

"आठवून बघा."

"आठवत नाही हो. देवाशपथ आठवत नाही. मी रंग बघत होते."

ब्लांडीन वाट बघत राहिली, शाळेतल्या पोराला उत्तर येईल म्हणून थांबावं तशी. ओडेटला वाटत होतं, बाईंनी काहीतरी बोलावं. मग वाटलं, बोलू नये. हलत होतं म्हणाल्या, तर तो हात हलवत होता आणि विमान निघून गेलं. नव्हतं म्हणाल्या, तर हात हलवायचंही त्राण उरलं नव्हतं. आईला यातलं कुठलं हवं होतं कुणास ठाऊक. ओडेटला कुठलंच नको होतं.

"त्या वैमानिकाला विचारता येईल?" तिनं विचारलं.

"तो गेला. बारा वर्षं झाली. आणि वार्ताहर त्याच्याही आधी." मग बाई एकदम घाईनं बोलायला लागल्या. "हे चित्र माझं असतं तर मी आत्ता उतरवून तुम्हाला दिलं असतं. पण ते टोरांटोच्या एका कंपनीनं घेतलंय, त्यांच्या कचेरीत असतं, इथं नुसतं दाखवायला आणलंय. सोमवारी परत जाणार. मी त्यांना पत्र लिहीन. निदान तो ठिपका... परवानगी दिली तर मी त्यावर रंग देऊन झाकू शकते. लोक असं अंगठे धरून..."

"नाही," ब्लांडीन म्हणाली. इतका वेळ तिचा आवाज शांत होता, आता चिरकला. "पुसू नका त्याला. ऐकलंत? हात लावू नका."

"नाही लावणार."

"तेवढाच आहे तो."

बाहेर कुणीतरी इंग्रिडबाईंना शोधत होतं. भाषणाची वेळ झाली होती. लोक खुर्च्यांवर येऊन बसले होते. त्या उठल्या, पुन्हा बसल्या, शेवटी ब्लांडीनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि त्या गेल्या. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून कुणाचा तरी आवाज आला की बाईंची तब्येत बरी नसल्यामुळं आजचा कार्यक्रम होणार नाही, क्षमा असावी. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

ब्लांडीन चित्रासमोरून हलली नाही. लोक तिच्या खुर्चीला वळसा घालून बघायचे आणि पुढं जायचे. एका जोडप्यानं अंगठे धरून बघितलं. ओडेटला त्यांचे हात खाली ओढावेसे वाटले, पण त्यांना काय सांगणार? ती नुसती उभी राहिली. एकदा तिनं फोननं फोटो काढला. फोनवर ते छप्पर तांदळाएवढं आलं आणि ठिपका आलाच नाही. मोठं करायला गेली तर नुसते चौकोन चौकोन झाले.

पाच वाजता पहारेकरी आला. दणकट, पगडी घातलेला म्हातारा सरदारजी. त्यानं आधी दोनदा लांबून घड्याळाकडं बोट दाखवलं होतं, आता जवळ येऊन खाली वाकला.

"माँजी, बंद करायची वेळ झाली."

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटं देतो." त्यानं दहा दिली. मग दिवे एकेक करून विझायला लागले आणि ओडेटनं खुर्ची वळवली. आईनं विरोध केला नाही. मान मात्र मागंच वळलेली होती, दारापर्यंत.

दक्षिणेचा रस्ता सरळ जातो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली काळी शेतं होती आणि सूर्य खाली गेला होता.

"दगडावरची तारीख चुकीची आहे," ब्लांडीन म्हणाली.

"बदलू आपण."

"कशी?"

"फादरना विचारते. प्रांताच्या कचेरीत विचारते. काहीतरी करता येईल."

काहीही करता येणार नव्हतं हे बोलतानाच तिला कळत होतं. कचेरीतली बाई गोड आवाजात पुरावा मागेल, आणि आपण काय दाखवणार? आणि बदलून कुठली तारीख घालणार? गुरुवार? शुक्रवार? गुरुवारी दुपारी तो छपरावर होता, यापुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मंगळवारची रात्र," आई बोटांवर मोजत म्हणाली. "बुधवारचा दिवस. बुधवारची रात्र. आणि गुरुवार. वारं उत्तरेचं होतं ना?"

"हो."

"मी तुझ्या स्वयंपाकघरात बसले होते. बुधवारी. तू मला वाटाण्याचं सूप दिलंस आणि मी म्हटलं, मीठ कमी आहे."

"आई, नको ना."

"बुधवारी तो जिवंत होता आणि मी मीठ मागत होते." "काय खाल्लं असेल गं त्यानं?"

ओडेटनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "वरच्या खोलीत काहीतरी असेल. बिस्किटं वगैरे. तू पाहुण्यांच्या खोलीत बिस्किटांचा एक डबा ठेवायचीस ना, फुलांचा?"

"त्यात बटणं होती."

"मग बरण्या असतील. पूर येणार म्हणून खालचं सामान वर नेलं असेल त्यानं."

"त्यानं माझं शिवणयंत्र वर नेलं. आणि तुझ्या बाबाचं व्हायोलिन. फोनवर सांगितलं मला, तुझं सगळं वर नेलंय म्हणून. बरण्या तळघरातच होत्या, पूर उतरल्यावर मीच काढल्या त्या, झाकणं तशीच घट्ट. एकशेचाळीस." म्हातारीनं खिडकीबाहेर पाहिलं. "टोमॅटो होते, बीट होतं, डुकराचं मांस होतं. सगळं खाली. त्याच्या पायाखाली."

ओडेटच्या डोळ्यांसमोरचा रस्ता धूसर झाला. शाळेच्या बसमध्ये चाळीस पोरं असतात, रडू आलं तरी थांबवायची सवय तिला होती. ती सवय कामाला आली नाही. तिनं गाडी कडेला घेतली, दिवे लुकलुकते ठेवले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"मला माहीत नाही, आई. मला काही माहीत नाही."

ट्रक जवळून गेले की गाडी हलायची. ब्लांडीननं हात लांब करून मुलीच्या मानेवर ठेवला. थंडगार, हलका हात. ती काही समजूत घालत नव्हती, नुसता हात ठेवला होता.

"चल," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "साडेसहाला आश्रमाचं दार लावतात. आणि ऐक, ते शनिवारी दहाला उघडतं ना? रविवारीही उघडं असतं का?"

"काय?"

"चित्रं. सोमवारी नेणार म्हणाली ना ती. उद्या रविवार आहे."

ओडेटनं डोळे पुसले. उद्या सकाळी चर्चमध्ये बायबलचं वाचन तिच्याकडं होतं, दुपारी नवऱ्याचे भाऊ जेवायला यायचे होते, आणि आईला परत तिथं नेऊन बसवण्यात काय हाशील होतं ते तिला समजत नव्हतं. परवा चित्र पेटीत बंद होऊन टोरांटोला जाणार होतं, कुठल्याशा कचेरीत, जिथं सातवी पट्टी कुणाची हे सांगणारं कुणी नसेल.

"बाराला उघडतं," ती म्हणाली.

"मग साडेदहाला ये मला न्यायला," ब्लांडीन म्हणाली. "आणि माझा चांगला चष्मा आठवणीनं बरोबर घे, टेबलाच्या खणात आहे. आज जुनाच घालून आले मी."

ओडेटनं दिवे बंद केले, मागून येणारी गाडी जाऊ दिली आणि पुन्हा रस्त्यावर आली.